मुरड

बाबांनी सकाळी वाशीच्या फळबाजारातून
मूठभर पेंढा आणला,
सफरचंदाच्या पेटीतला, कुठल्या शेतातला कोण जाणे.
आमचं भात जिथे उभं राहायचं
तिथे आता बँकेची काचेची इमारत आहे
आणि दिवाळे गावात पेंढा मागितला
तर लोक चेहरा बघतात.

चोवीस डिसेंबर.
टेबलावर आधी पेंढा, त्यावर आईची पांढरी साडी,
चौपदरी.
ग्दीनियाला असंच करतात, बाबा म्हणाले.
कोळ्याचा मुलगा, पण जाळं टाकलं नाही कधी;
एकवीस वर्षं बोटीच्या भटारखान्यात
दुसऱ्यांची भूक ढवळत राहिला.

भटारखान्याचा मुख्य होता लेशेक.
त्याने शिकवलं राय आंबवायला
(राय म्हणजे आपली मोहरी नव्हे,
गव्हाची सावळी बहीण):
बरणीत पीठ, कोमट पाणी, ठेचलेला लसूण,
पाच दिवस घरात कुणी भांडायचं नाही.
इथे राय कुठली? बाबांनी नाचणी घातली.
आईने झाकण काढून वास घेतला.
"ही तं आंबील. हिच्यासाठी एवऱ्या लांब गेलाव?"

इंजिनखोलीत इमरे होता, हंगेरीचा,
समुद्रच नसलेल्या देशाचा खलाशी.
उशीखाली लाल पुडीची पिशवी ठेवायचा,
वादळात उघडून नुसती हुंगायचा.
तीच पुडी बाबांनी एकदा घरी आणली.
आईने बोट लावून चाखली:
"तिखट नाय, तं लाल कशाला?"
यावर बाबांकडे आजही उत्तर नाही.

लेशेकच्या गावी या रात्री कार्प मासा.
दोन दिवस आधी आणून न्हाणीच्या टबात सोडतात,
पोरं त्याचं बारसं करतात
आणि मग जेवायला बसत नाहीत.
आमच्याकडे जिताडा.
त्याचं बारसं करायला वेळ नव्हता,
सहाच्या आत तुकड्या करून मीठ लावायचं होतं.

बारा पदार्थ हवेत. बाबांचे सात झाले,
मीठ धरून आठ.

पियेरोगी मात्र आईने हातात घेतल्या.
बटाटा, पनीर, परतलेला कांदा,
वर पातळ पारी, अर्धा चंद्र.
काठ घट्ट दाब, बाबा म्हणाले,
नाहीतर उकळत्या पाण्यात तोंड उघडतं.
आई दाबत नव्हती. मुरड घालत होती,
कानवल्याला घालतात तशी,
गौरीला जाताना देतात तशी,
गेलेलं माणूस मुरडून यावं म्हणून.
बाबा बोटीवर निघाले की दर वेळी
त्यांच्या बॅगेत चार असायच्या.
एकवीस वर्षांत एकदाही
त्यांनी विचारलं नव्हतं, का.

पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायचं नाही.
गच्चीवर आम्ही बेलापूरच्या दिव्यांवरून माना ताणल्या.
पहिला दिसला तो विमानाचा.
बाबा म्हणाले, चालेल.

एक ताट जास्तीचं.
न बोलावलेल्या माणसाचं, लेशेक म्हणायचा.
लेशेकचं शेवटचं पत्र आलं
तेव्हा मी नववीत होते.

भाकरीचा तुकडा मोडून एकमेकांना दिला.
मग दारात बाळाराम काका.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून नऊ वर्षं
ज्यांनी आमच्या ओट्याकडे पाहिलं नव्हतं.
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले,
"माधवची होरी सुटलीय, तुमच्या खुंट्याला बांधलीय,
सांगाया आलो."

कुणी काही बोललं नाही.
बाबांनी ताट फक्त थोडं सरकवलं.

काका बसले नाहीत. उभ्याउभ्या दोन पियेरोगी खाल्ल्या,
"मीठ कमी," म्हणाले,
आणि पेंढ्याचा एक काटका साडीतून टोचत होता
तो उपटून दातांत धरला,
भात मळताना धरायचे तसा.

निघताना आईने केळीच्या पानात चार बांधल्या.
"कशाला," काका म्हणाले.
"घ्या," आई म्हणाली, "उरल्यात."

उरल्या नव्हत्या. आईच्या ताटातल्या होत्या.
मला मोजायची सवय आहे.